जुना डीव्हीडी प्लेयर नव्या टीव्हीला कसा जोडायचा

गेल्या दिवाळीत मावशीकडे ४३ इंची नवा टीव्ही आला आणि तिची पहिली फर्माईश आली, "अरे, यावर आपल्या दादाच्या लग्नाची सीडी लाव ना." सीडी म्हणजे डीव्हीडी. आमच्याकडे गोल आणि चकाकणारं काहीही असलं की ती सीडीच. माळ्यावरून प्लेयर निघाला, लाल-पांढरी-पिवळी वायरही निघाली, पण टीव्हीच्या मागे त्या तीन रंगांची भोकंच नव्हती. पुढचे दोन दिवस मी जे उपद्व्याप केले ते तुम्हाला करावे लागू नयेत म्हणून हे लिहितोय. योग्य वायर हातात असेल तर काम दहा मिनिटांचं आहे.

आधी पाठ बघा, मग दुकानात जा

टीव्ही भिंतीवर टांगलेला असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून मागचा आणि बाजूचा फोटो काढा. प्लेयरच्या पाठीचाही काढा. प्लेयरवर 'आउट' लिहिलेलं आणि टीव्हीवर 'इन' लिहिलेलं, अशी एक जोडी दोघांकडे सारखी आहे का, एवढंच शोधायचंय. टीव्हीवरच्या 'ऑडिओ आउट'मध्ये वायर खुपसून आवाजाची वाट बघणारे मी पाहिलेत.

दोन्हीकडचं यूएसबीचं भोक बघून मात्र हुरळून जाऊ नका. ते पेनड्राइव्हसाठी असतं. यूएसबीची वायर दोन्ही टोकांना लावून चित्र येत नाही.

जोडण्याआधी दोन्ही स्विच बोर्डावरून बंद करा. घरातलं अर्थिंग नीट नसेल तर पत्र्याच्या बॉडीला हात लागल्यावर मुंग्या येतात, म्हणून ही सवय बरी.

एचडीएमआय असेल तर

तुमचं नशीब चांगलं. चपटी, दोन कोपरे कापलेली ती एकच वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. प्लग एकाच बाजूने जातो. जात नसेल तर उलटा करा, ठोकू नका. टीव्हीवर दोन-तीन भोकं असतील तर कुठल्या नंबरात लावलं ते लक्षात ठेवा, सेट टॉप बॉक्सही तिथेच कुठेतरी असतो.

तीन रंग असतील तर

पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. रंगाला रंग लावायचा. सोपं वाटतं, पण प्लेयरच्या मागे बरेचदा दोन लाल भोकं असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. हिरव्या-निळ्याच्या शेजारचं लाल हे चित्राचं. त्या तिघांना कंपोनंट म्हणतात. पांढऱ्याच्या शेजारचं लाल हे आवाजाचं. आणखी एक नारिंगी भोक असू शकतं. ते डिजिटल आवाजाचं असतं. अंधारात ते पिवळ्यासारखंच दिसतं आणि तिथे पिवळी वायर लावली तर पडदा काळाच राहतो.

काही टीव्हींवर पिवळं भोक वेगळं नसतं. हिरव्याभोवतीच 'व्हिडिओ' असं लिहिलेलं असतं. तिथे पिवळी पिन हिरव्यात लावा. दोन्हीकडे हिरवा-निळा-लाल असेल आणि पाच पिनांची वायर मिळाली, तर कंपोनंटनेच जोडा. पिवळ्या एका वायरीपेक्षा चित्र नक्कीच स्वच्छ येतं.

टीव्हीला फक्त एक बारीक गोल भोक असेल तर

पातळ टीव्हींवर 'एव्ही इन' लिहिलेलं, इअरफोनच्या मापाचं भोक असतं. त्यात जाणारी, एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंग अशी वायर टीव्हीच्या खोक्यातच आलेली असू शकते, म्हणून खोकं रद्दीत घालण्याआधी तपासा. बाजारातून आणायची तर पिन नीट बघा: तिच्यावर तीन काळ्या रेघा हव्यात. दोनच असतील तर ती नुसत्या आवाजाची वायर आहे.

तीन रेघा असूनही चित्राऐवजी खरखर आली तर वायर बिघडलेली असेलच असं नाही. कुठल्या कप्प्यात चित्र आणि कुठल्यात आवाज, हा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. रंगांची अदलाबदल करून बघा; पिवळी पिन लालमध्ये लावल्यावर चित्र आलेलं मी स्वतः पाहिलंय. अदलाबदलीनेही नाही आलं तर त्याच टीव्हीसाठीची वायर मागवा.

यातलं काहीच जुळत नसेल तर

मावशीकडे हेच होतं. प्लेयरला तीन रंग, टीव्हीला फक्त एचडीएमआय. यासाठी काडेपेटीएवढी कन्व्हर्टरची डबी मिळते, काही शे रुपयांत. पण ही डबी एकाच दिशेने चालते. आपल्याला हवी 'एव्ही टू एचडीएमआय'. दुकानदाराने मला दिली 'एचडीएमआय टू एव्ही', आणि दोन्ही दिसायला इतक्या सारख्या की मीही न बघता घेतली. संध्याकाळ त्यात गेली, दुसऱ्या दिवशी बदलून आणली. डबीवरचा बाण किंवा 'इनपुट', 'आउटपुट' ही अक्षरं दुकानातच वाचा: तीन रंगांच्या बाजूला इनपुट हवं.

डबीला ५ व्होल्टची वीज लागते. सोबतची छोटी वायर टीव्हीच्या यूएसबीत किंवा मोबाइलच्या चार्जरला लावा. ती न लावता "डबी खराब निघाली" म्हणून परत नेणारे खूप.

आता टीव्हीला सांगा

दोन्ही चालू करा. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबा आणि ज्यात वायर लावली ते निवडा: 'एचडीएमआय २', 'एव्ही' जे असेल ते. डबी वापरली असेल तर निवड एव्हीची नाही, एचडीएमआयचीच. डिस्क घालण्याआधी प्लेयर कंपनीचं नाव पडद्यावर दिसलं की जोडणी झाली.

तरी अडलंच तर

चित्र आहे, आवाज नाही: एचडीएमआयवर हे होतं. प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम'ऐवजी 'पीसीएम' करा.

चित्र काळं-पांढरं किंवा सरकतंय: प्लेयरमध्ये 'पाल' आणि 'एनटीएससी' असा पर्याय असतो, म्हणजे टीव्हीला चित्र पाठवायच्या दोन पद्धती. भारतात पाल चालतं, ५७६ रेषांचं; अमेरिकेत एनटीएससी, ४८० रेषांचं. भारतातल्या प्लेयरवर 'पाल' किंवा 'ऑटो' ठेवा. पुण्यात काढलेली लग्नाची डीव्हीडी न्यू जर्सीत चालत नाही ती बरेचदा याच कारणाने. विकतच्या सिनेमाच्या डिस्कला त्यात रीजनचीही, म्हणजे ती कुठल्या देशांत चालावी हे ठरवणाऱ्या नंबराचीही, भर पडते: भारत ५, अमेरिका १.

पिवळ्या वायरीने चित्र वेडंवाकडं: मागे कोणीतरी प्लेयरमध्ये 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन' चालू करून ठेवलंय, आणि तसं चित्र पिवळ्या वायरीला झेपत नाही. पडदाच दिसत नसल्यामुळे मेनूतून बंद करता येत नाही, म्हणून डिस्क काढून रिमोटवरचं 'पी-स्कॅन' किंवा 'व्हिडिओ मोड'चं बटण दाबून बघा.

डिस्क मध्येच अडकते: मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर वर्षांनी उडत जातो आणि तो पुसून परत येत नाही. लग्नाची डिस्क चालतेय तोवर कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर एमपी४ करून घ्या.

राहिला चित्राचा आकार. जुनं शूटिंग ४:३चं, टीव्ही १६:९चा. टीव्ही ते ताणून भरतो आणि नवरी-नवरा दोघंही बुटके, रुंद दिसतात. रिमोटवर 'पिक्चर साइज' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट' शोधून ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, माणसं मात्र माणसांसारखी दिसतील. मावशीला ते पट्टे खपले नाहीत. "एवढे पैसे मोजून पाव टीव्ही रिकामा ठेवायचा होय रे?" त्यामुळे तिच्याकडे आमचं सगळं वऱ्हाड अजून आडवंच पसरलेलं आहे.