खुळखुळा लावताय? आधी हे वाचा

पावसाच्या तोंडावर अंगणात फुलपाखरांसाठी खुळखुळ्याचं झाड लावणार असाल, तर एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका: वाळलेलं झाड उपटायचं नाही. मागच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी पिवळी पडलेली चौदा झाडं मुळासकट काढली आणि फाटकाबाहेर ढीग लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ढिगावर पन्नासेक फुलपाखरं, ब्लू टायगर आणि कॉमन क्रो, एकमेकांना खेटून बसलेली. ज्यांच्यासाठी जूनपासून खपले ती आली, आणि आली ती मी टाकून दिलेल्या कचऱ्यावर. थोड्या वेळात घंटागाडी आली आणि ढीग घेऊन गेली.

आता बी. खुळखुळा म्हणून हातात काहीही पडतं, म्हणून शक्यतो उभं झाड बघून त्याच्याच शेंगा आणा. आपल्याला हवा तो क्रोटालारिया रेटुसा, काही भागांत त्याला घागरी म्हणतात. पान एकेकटं, देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद, आणि टोकाला बोथट किंवा किंचित खाच. टोकाचा हा आकार हीच मुख्य खूण. फूल पिवळं, मोठ्या पाकळीच्या पाठीवर तांबूस-जांभळ्या रेघा. शेंग गुळगुळीत, वाळली की काळपट होते आणि हलवली की आत बिया वाजतात. तागाचं फूलही पिवळंच, पण पान लांब-अरुंद आणि शेंग लवदार. एका देठावर तीन पानं दिसली तर ती वेगळी जात. निळसर फुलं आणि कंगोरेदार खोड असेल तर तीही वेगळी. या सगळ्या भावंडांच्या शेंगा वाजतात, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका.

बियांचं साल टणक असतं. पॉलिश पेपरवर हलकेच घासा, किंवा कढत पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवा. फुगलेल्या बिया पेरा, उरलेल्यांना पुन्हा घासा. भरपूर ऊन, पाणी न साचणारी जागा, दोन झाडांत दीड-दोन फूट. खत नको, शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्राची सोय स्वतः करतं.

झाड विषारी आहे, बिया सर्वांत जास्त. यातल्या मोनोक्रोटॅलिन या विषामुळे गुरं, घोडे, कोंबड्या यांचं यकृत खराब होतं. शेजारी शेळ्या असतील तर कुंपण आधी, बी नंतर. लहान मुलांना खुळखुळ्यासारखी शेंग हातात देण्याचा मोह अजिबात नको. तागाच्या फुलांची भाजी करतात, म्हणून याचीही करून बघू असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवा.

फुलपाखरांना मात्र नेमकं हेच हवं असतं. येतात ते बहुतेक नर. वाळक्या पानांवर, शेंगांवर पायांनी खरवडतात, सोंडेतून थेंब सोडतात आणि विरघळलेला रस शोषून घेतात. त्यातूनच मादीला ओढणारा गंध त्यांच्या अंगी तयार होतो. हिरवं, तजेलदार झाड त्यांना तितकं खेचत नाही. कोमेजलेलं, मोडलेलं, वाळलेलं खेचतं. म्हणून पुन्हा सांगते, उपटू नका. माळी विचारेल, घरचे 'किती अवकळा आलीय' म्हणतील, सोसायटीचे लोक नाक मुरडतील. नाही म्हणा. मी जूनमध्येच पाटी लावून ठेवणार आहे.

शेंगांत काळ्या-पांढऱ्या-नारिंगी अळ्या दिसतील. त्यांचे पुढे पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेले सुंदर पतंग होतात. फवारणी बंद म्हणजे बंद, कडुनिंबाचीही.

ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांच्या अळ्या मात्र खुळखुळ्यावर वाढत नाहीत. ब्लू टायगरसाठी हरणदोडीचा वेल आणि प्लेन टायगरसाठी रुई कुठेतरी असू द्या. फुलांतल्या मधासाठी पेंटासची फुलझाडं पुरे.

शेंगा तडकायच्या आधी थोड्या काढा, कोरड्या बरणीत, वर नाव आणि तारीख, मुलांच्या हाताबाहेर. पडलेली झाडं काठीला बांधा. सुकी पानं झाडू नका. दिवाळीला अंगण झाडाल तेव्हा तो कोपरा सोडून झाडा.