कथेतल्या ठरीव प्रसंगासाठी चित्र निवडताना

गटात चित्र ठरवायला बसलं की चर्चा हमखास ‘मला ती गोष्ट किती आवडते’ इथे घसरते. म्हणून आधी त्या ठरीव, म्हणजे अनेक कथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या, प्रसंगाचं एका वाक्यात वर्णन लिहा, मग चित्रं नाव न सांगता मांडा. गोष्ट ठाऊक नसलेल्या कुणाला तरी विचारा: ‘इथे काय चाललंय?’

राजा रविवर्मांचं ‘हंस दमयंती’ (१८९९) घ्या. ‘पक्षी निरोप्या’ या प्रसंगासाठी ते पटकन सुचतं, पण नळाची कथा माहीत नसेल तर दिसते फक्त हंसाकडे बघणारी एक स्त्री. उलट ‘जटायुवध’ (१९०६) बघा. रावणाच्या हातात तलवार, तुटलेला पंख, तोंड फिरवलेली सीता. ‘बलाढ्यापुढे एकटा उभा ठाकणारा’ हे रामायण न वाचलेल्यालाही कळतं. चित्र सुंदर आहे की नाही, हा मुद्दाच वेगळा.

हरकत घेणाऱ्याने शक्यतो पर्यायही आणावा, नाहीतर चर्चा संपतच नाही. शेवटचं रहस्य फोडणारं चित्र बाद. हक्कांचंही पाहा, रविवर्म्यांच्या मूळ चित्रांवरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, नव्या सिनेमाच्या फोटोंचं तसं नाही. आणि एकही चित्र बोलत नसेल, तर चित्राची जागा खुशाल रिकामी ठेवा.