शाळेची परसबाग: दिवाळीच्या सुट्टीआधी काय पेरायचं आणि काय नाही

पुण्यातल्या प्राथमिक शाळांच्या परसबागेसाठी लिहितोय. शेतकऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका, कारण आपल्याकडे दिवाळीची लांब सुट्टी असते आणि तेव्हा पाणी घालायला कोणी नसतं, शिपाईमामा पण गावी जातात. म्हणून सुट्टीची तारीख बघून उलटे दिवस मोजा.

सप्टेंबर संपता संपता फक्त पटकन निघणारं पेरा. मेथी २५-३० दिवसांत निघते, पालकाची पहिली कापणी महिनाभरात, कोथिंबिरीला मात्र ४०-४५ दिवस धरा, म्हणजे दिवाळी लवकर असेल तर ती सोडूनच द्या. धणे आधी चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे (हे काम पोरं फार आवडीने करतात). परतीचा पाऊस कधी झोडपेल सांगता येत नाही, त्यामुळे वाफे वीतभर उंच घ्या, आणि रुंदी अडीच-तीन फुटांच्या वर नको, पहिलीतल्या पोराचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात पाय देणारच.

टोमॅटो, वांगी सुट्टीआधी वाफ्यात अजिबात लावू नका. बी ट्रेमध्ये टाका, ट्रे कोणाच्या तरी आईबाबांकडे द्या, शाळा उघडेपर्यंत साधारण चार आठवड्यांची रोपं तयार असतात. मटार पण सुट्टीनंतरच, थेट वाफ्यात. शेंगा जानेवारी-फेब्रुवारीत येतील, खिचडीपर्यंत किती पोचतील ते सोडा 😄

आता गोगलगाई. शंखी गोगलगाय ओल असेपर्यंत रात्रीत कोवळी रोपं साफ करते, सकाळी नुसत्या काड्या उभ्या. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मधे टाका, सकाळी उलटलं की खाली जमलेल्या दिसतील, त्या मोठ्यांनी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ते पाणी वाफ्यात ओतू नका. पोरांना हात लावू द्यायचा नाही, गोगलगाईंमध्ये माणसाला बाधणारे जंत असू शकतात.

मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडा साबण घाला आणि शाळा सुटल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दुकानदार दुसरं "जोरदार" औषध देईल, ते शाळेत आणूच नका.