डीएलसी विकत घेतलं, पण गेममध्ये दिसत नाही? या चुका टाळा

पैसे कापले गेले, पावतीचा मेल आला, गेम उघडला तर नवीन काहीच नाही. अशी तक्रार घेऊन चेंबूरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जी मुलं येतात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, डीएलसी गायब झालं." डीएलसी म्हणजे मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकत मिळणारा भाग. खरं तर ते गायब क्वचितच होतं. जिथे घेतलं तिथे ते शाबूत असतं आणि आपण त्याला भलत्याच ठिकाणी शोधत असतो.

हा त्रास सिम्युलेशन गेममध्ये जास्त होतो, कारण हे गेम वर्षानुवर्षं वाढत राहतात. शहर वसवायचा सिटीज स्कायलाइन्स मार्च २०१५ मध्ये आला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्याची डीएलसी येत राहिली. युरो ट्रक सिम्युलेटर टू २०१२ चा, आणि त्याचे नवे नकाशे अजून येतात. मूळ गेम एका काळात घेतलेला, डीएलसी दुसऱ्या काळात, मधे लॅपटॉप बदललेला, ईमेल बदललेला. गोंधळ तिथेच सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक: मूळ गेम एका स्टोअरचा, डीएलसी दुसऱ्याचं

डिसेंबर २०२० मध्ये एपिक गेम्स स्टोअरने सिटीज स्कायलाइन्स एका दिवसापुरता फुकट दिला होता. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे तोच गेम आहे. फुकट मिळाला म्हणून खात्यात टाकून ठेवला, पुढे लॉकडाऊनमध्ये नाद लागला, आणि मग डीएलसी हवंसं वाटलं. ते मात्र घेतलं स्टीम या दुसऱ्या गेम-स्टोअरवरून, कारण सेल तिथे लागला होता आणि यूपीआयने पैसे भरायची सवयही तिथलीच.

म्हैसूर कॉलनीतल्या एका मुलाचं हेच झालं. त्याच्या खिडकीतून मोनोरेल दिसायची. २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा मोनो सुरू झाली तेव्हा तो लहान होता, आणि तेव्हापासून त्याला मोनोचं वेड. त्याच्या गेममधल्या शहरात चेंबूर होतं, वडाळा होतं, आणि त्याला मोनो थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत नेऊन तिथून फेरी बोट सोडायची होती. त्यासाठी मास ट्रान्झिट हे डीएलसी लागतं. २०१७ चं हे डीएलसी मोनोरेल, फेरी, केबल कार आणि ब्लिम्प (फुग्यासारखं हवाई जहाज) देतं. पोराने खाऊच्या पैशातून ते घेतलं. गेम उघडला, तर वाहतुकीच्या मेन्यूत मोनो नाही.

मग उपाय सुरू झाले. गेम अनइन्स्टॉल केला, पुन्हा उतरवला. कॉलेजातल्या मित्राने सांगितलं अँटीव्हायरस बंद कर, तो बंद केला. दुसरा म्हणाला विंडोज अपडेट कर, तेही केलं. तिसऱ्याने त्याच्या लॅपटॉपवरून गेमचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हमध्ये आणून दिलं. मधे परीक्षा आली. लॅपटॉप माझ्या टेबलावर पोचला तोवर परताव्याची मुदत उलटून गेली होती. स्टीमवर डीएलसी परत करायचं तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत करावं लागतं, आणि तेही खरेदीनंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच.

मला वाईट वाटलं ते याचं, की स्टीमवर डीएलसीच्या पानावर किमतीच्या वरच लिहिलेलं असतं: हे वापरायला स्टीमवरचा मूळ गेम लागेल. ती ओळ त्याने वाचलीच नव्हती. त्याला सेलचं घड्याळ तेवढं दिसत होतं.

इथे काय घडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे उपद्व्याप टळतील. कितीतरी गेममध्ये डीएलसीच्या फायली मूळ गेमच्या अपडेटबरोबरच तुमच्या डिस्कवर येऊन पडलेल्या असतात. तुम्ही पैसे भरता ते परवान्याचे. गेम सुरू होताना तो ज्या स्टोअरचा आहे त्या स्टोअरला विचारतो, या खात्यावर कोणकोणते परवाने आहेत? एपिकच्या गेमला स्टीमवरचा परवाना दिसत नाही, आणि स्टीमच्या गेमला एपिकवरचा. फोल्डर कॉपी करून आणलं तरी परवाना काही पेनड्राइव्हमधून येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तर सिटीज स्कायलाइन्सची विंडोज टेन एडिशन वेगळीच होती, तिचाही स्टीमच्या डीएलसीशी संबंध नाही.

माझी सवय अशी: लॅपटॉप हातात आला की मी गेम चालूच करत नाही. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतो. तिथल्या पत्त्यात स्टीमचं नाव आहे की एपिकचं, एवढंच बघतो. मग पावतीचा मेल उघडायला लावतो आणि तो कोणत्या स्टोअरचा आहे ते बघतो. दोन्ही जुळले नाहीत तर दुसरं काही तपासण्यात अर्थ नाही.

मुदत टळली नसेल तर ताबडतोब परतावा मागा आणि डीएलसी मूळ गेमच्या स्टोअरवरून घ्या. मुदत टळली असेल तर उलटा हिशोब करून बघा. जुने मूळ गेम सेलमध्ये बरेच स्वस्त होतात. त्या मुलाने मी सांगितल्यावर पुढच्या सेलची वाट पाहिली, स्टीमवर मूळ गेम घेतला, आणि आधीच घेतलेलं मास ट्रान्झिट दुसरं काहीही न करता त्यात हजर झालं. शिवाय खेळणाऱ्यांनी बनवलेल्या फुकट गोष्टींचं स्टीम वर्कशॉपही उघडलं, जे एपिकच्या गेमला मिळत नाही. हा हिशोब त्याने पहिल्याच रात्री केला असता तर बाकीची वणवण झालीच नसती.

खातं कोणाचं?

मूळ गेम भावाच्या खात्यावर, डीएलसी फोनवरच्या ॲपमधून आपल्या खात्यावर. घराघरात हे होतं. लाँचरमध्ये (स्टोअरचं जे ॲप उघडून गेम चालवता त्यात) दिसणारं नाव आणि पावतीवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. स्टीम फॅमिलीत (घरातल्यांनी एकमेकांचे गेम वापरायची सोय) दोघांकडेही तोच गेम असेल तर कोणाची प्रत चालवायची ते निवडता येतं, आणि ज्याची प्रत त्याचंच डीएलसी चालतं. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गेम स्टीमचा असला तरी गेममधल्या मार्केटप्लेसवरची खरेदी तुमच्या एक्सबॉक्स प्रोफाइलशी जोडलेली असते. प्रोफाइल बदललं की विमानं दिसेनाशी होतात.

जुनी आवृत्ती धरून बसायचं आणि नवा नकाशा मागायचा

ही माझी दुसरी डोकेदुखी, आणि ती आपल्याकडे खास आहे, कारण आपल्या मुलांना युरो ट्रकमध्ये ट्रकपेक्षा बस जास्त चालवायच्या असतात. आपल्याकडच्या बसचे मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायच्या फायली, कोणीतरी हौसेने बनवलेले असतात आणि ते बऱ्याचदा गेमच्या जुन्या आवृत्तीवरच चालतात. म्हणून मुलं स्टीमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटाज या भागात जाऊन जुनी आवृत्ती निवडतात. त्यात गैर काही नाही. गैर हे, की आपण ती निवडली होती हे वर्षभराने कोणाच्या लक्षात राहत नाही.

घाटकोपरहून एक काका आले होते. आयुष्यभर बेस्टची बस चालवून निवृत्त झालेले. टेबलाला स्टिअरिंग लावून रोज संध्याकाळी युरोपात गाडी चालवतात. मुलाने वाढदिवसाला २०२४ चं ग्रीस घेऊन दिलं होतं. "अहो, पावती आहे, टिक आहे, पण नकाशावर अथेन्सच नाही," म्हणाले. त्यांच्या पुतण्याने कधीतरी एका बसच्या मॉडसाठी गेम जुन्या आवृत्तीवर नेऊन ठेवला होता. ग्रीसचा नकाशा निघण्याआधीचीच ती आवृत्ती. तिला ग्रीस कुठून माहीत असणार!

हे सोडवायला मी घाई करत नाही, आणि तुम्हीही करू नका. जुने मॉड चालू ठेवून आवृत्ती पुढे नेली की गेम बंद पडतो, किंवा गेममधली चालू असलेली मालाची खेप रद्द होते, आणि मग लोक डीएलसीला दोष देतात. मी आधी डॉक्युमेंट्समधलं युरो ट्रक सिम्युलेटर टू हे अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करतो. मग मॉड मॅनेजरमधले सगळे मॉड काढतो. मग बीटाजमध्ये 'नन' (None), म्हणजे गेमची नेहमीची चालू आवृत्ती, निवडतो, अपडेट उतरू देतो. आणि जुनं प्रोफाइल उघडण्याआधी एक नवं कोरं प्रोफाइल बनवतो, ज्यात एकही मॉड नाही. त्यातल्या नकाशावर अथेन्स दिसलं की डीएलसी ठीक आहे हे सिद्ध झालं, पुढचा प्रश्न मॉडचा. वेळ लागतो. काका शांतपणे बसून राहिले, सोबत आलेला पुतण्या मात्र दर थोड्या वेळाने "डायरेक्ट जुनं प्रोफाइल उघडा ना" म्हणत होता. त्याच उतावीळपणाने आधी घोळ झाला होता.

अनलॉकर नावाचं विष

कुठल्या तरी ग्रुपवरून एक फाइल येते. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की सगळी डीएलसी उघडतात म्हणे. विकत घेतलेलं डीएलसी दिसत नाही म्हणून चिडून ही फाइल टाकणारी चांगल्या घरची मुलं मी पाहिली आहेत. "पैसे तर भरलेत, मग चूक काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. चूक ही, की त्या फायलीत आणखी काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ती टाकण्यासाठी अँटीव्हायरस तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलेला असतो. त्याच लॅपटॉपवर वडिलांचं नेटबँकिंग उघडतं. अशी फाइल टाकलेली मशीन आली तर मी डीएलसीचा विषयच काढत नाही. आधी ती फाइल काढतो, मशीन तपासतो, आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायला लावतो. या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

स्वस्तात मिळते म्हणून परदेशातली 'की' (गेम खात्यात टाकायचा कोड) कुठल्याही साइटवरून घेणंही त्याच वाटेवरचं. दुसऱ्या प्रदेशासाठीची 'की' आपल्याकडे चालेलच असं नाही, आणि पैसे परत मागायला समोर कोणी नसतं.

छोट्या गोष्टी, पण रोजच्या

स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएलसीचा भाग असतो. तिथली टिक निघालेली असेल तर लावा. गॉग या स्टोअरवर हेच मॅनेज इन्स्टॉलेशनमध्ये मिळेल.

सिटीज स्कायलाइन्सची प्रकाशक कंपनी पॅराडॉक्स, तिच्या लाँचरमध्येही डीएलसी बंद करता येतात, तिथे एकदा नजर टाका.

लाँचर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. खिडकीची फुली दाबली म्हणजे तो बंद झाला असं नाही, खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवरून बाहेर पडा.

फायली तपासायच्या तर व्हेरिफाय वापरा. त्यात फक्त बिघडलेल्या फायली पुन्हा उतरतात. अख्खा गेम उडवून परत उतरवणं हा माझ्याकडे शेवटचा उपाय असतो, लोकांकडे पहिला.

यूपीआयचा व्यवहार लटकला असेल तर स्टोअरच्या खरेदी इतिहासात तो पेंडिंग दिसतो. दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

सिटीज स्कायलाइन्सचं स्नोफॉल हे डीएलसी घेऊन तुमच्या जुन्या शहरात बर्फ पडणार नाही. बर्फ फक्त हिवाळी नकाशांवर पडतो, तिथे नवं शहर वसवा.

सिटीज स्कायलाइन्समध्ये बऱ्याच गोष्टी लोकसंख्या वाढेल तशा उघडतात. दहा घरांच्या गावात मोनो मागू नका.

२०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरचे वर्ल्ड अपडेट (जगातल्या एकेका भागाचं सुधारलेलं दृश्य) फुकट असले तरी ते मार्केटप्लेसमधून स्वतः घ्यावे लागतात.

डीएलसी दिसत नसताना जुनी सेव्ह फाइल उघडून तिच्यावरच पुन्हा सेव्ह करू नका. आधी कॉपी, मग प्रयोग.

एवढं सगळं बघूनही डीएलसी दिसत नसेल तर ज्या स्टोअरवरून ते घेतलं त्याच्या सपोर्टला लिहा. "डीएलसी गायब, लवकर करा" एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर सगळे तपशील मागणारंच येईल. पावतीवरचा ऑर्डर क्रमांक, खात्याचं नाव, गेमची आवृत्ती, खरेदी इतिहासाचा एक स्क्रीनशॉट आणि गेममधल्या मेन्यूचा एक स्क्रीनशॉट, हे पहिल्याच निरोपात पाठवा. पासवर्ड किंवा यूपीआय पिन कोणी मागितला तर तो सपोर्ट नव्हे, तिथेच बोलणं थांबवा. मी गिऱ्हाइकांसाठी असा एकच निरोप लिहून देतो, आणि उत्तर येईपर्यंत गेम अनइन्स्टॉल करू देत नाही, कारण सपोर्टवाले बऱ्याचदा ज्या लॉग फायली मागतात त्या त्याच मशीनवर असतात.