काटकसर करताय? मग या चुका टाळा, कारण वाचलेला रुपया दिसतो पण त्यापायी गेलेला दिसत नाही

आमच्या घरात हिशोबाची वही आहे. आधी सासूबाई लिहायच्या, आता गेली अकरा वर्षं मी लिहितेय. दूध, भाजी, रिक्षा, पोरांच्या वह्या, सगळं त्यात असतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यात दोन रकाने वाढवले, एक "वाचवले" आणि त्याच्या शेजारी "त्यासाठी गेले". पहिला रकाना भरताना बरं वाटायचं, पण दुसरा भरायला घेतला तेव्हा कळलं की आपण ज्याला काटकसर म्हणतोय त्यातली निम्मी काटकसर नाहीचे, नुसती दगदग आहे, आणि खरे पैसे भलतीकडूनच जातायत. त्या वहीतनं जे सापडलं ते इथे लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

स्वस्त भाजीसाठी लांब जाणं

आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींपेक्षा मंडईत भाजी स्वस्त मिळते, म्हणून मी एक दिवसाआड स्कूटी काढून मंडईत जायचे. जाताना सहा किलोमीटर, येताना सहा. माझी गाडी ४५ चं अ‍ॅव्हरेज देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर बारा किलोमीटरला २८ रुपये झाले. आणि भाजीत वाचायचे किती, तर ३० ते ३५. पार्किंगचे दहा दिले की उलट खिशातनंच गेले, वर दीड तास गेला तो वेगळाच, आणि तिथं भाव कमी दिसतो म्हणून पालेभाजीच्या चार जुड्या उचलल्या जातात त्यातली एक तरी फ्रीजमधे सडते.

म्हणजे मंडईत जाऊच नका असं नाही. मी आता आठवड्यातून एकदाच जाते, ऑफिसवरून येताना वाट वाकडी न करता, आणि टिकणाऱ्याच गोष्टी आणते, कांदे, बटाटे, लसूण, आलं, कोबी, भोपळा. तेव्हा पाच-सात किलोचा माल असतो त्यामुळे फरक खरंच पडतो. कोथिंबीर, पालक, मेथी कोपऱ्यावरच्या मावशींकडूनच.

लाईटबिल जास्त येतंय आणि आपण चार्जरच्या मागे लागलोय

आमच्याकडे यावरून रोज वाद व्हायचे, चार्जर प्लगमधे राहिला, स्विच चालू राहिला. मग एकदा मी बसून हिशोब केला. १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. मोबाईल न लावलेला चार्जर साधारण ०.२ वॉट घेतो, म्हणजे चोवीस तास महिनाभर तसाच राहिला तरी ०.१५ युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला दीड रुपया. त्यासाठी पोरांवर ओरडायचं का? सुरक्षिततेसाठी काढून ठेवा, ते ठीक आहे, पण बिल त्याने कमी होणार नाही.

आता सेट टॉप बॉक्स बघा. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बरेचसे बॉक्स ८ ते १० वॉट घेतच राहतात, म्हणजे महिन्याला सहा-सात युनिट. टीव्ही बघत नसताना मेन स्विच बंद केला तर त्यातली बरीचशी वाचतात. आणि खरी गोष्ट पंख्याची. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणारा पंखा असेल तर महिन्याला १६ युनिट, साधारण १६० रुपये वाचले. तीन हजारांचा पंखा दीड-पावणेदोन वर्षांत फिटतो. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा, जो महिन्यातनं चार दिवस लागतो, तो बदलला तर पैसे कधी फिटायचेच नाहीत. माझ्या जाऊबाईंनी एकदम सहाच्या सहा पंखे बदलले, त्यातले तीनच बदलायला हवे होते. जे सगळ्यात जास्त तास चालतं ते आधी बदला.

अजून एक गैरसमज बऱ्याच घरांत आहे. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला वेगळा, त्यापुढे अजून चढा. लोकांना वाटतं ३०० ओलांडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही, ३०० च्या वर जितकी युनिटं गेली तेवढ्यांनाच वरचा दर. त्यामुळे ३०५ झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण जी युनिटं वाचतात ती मात्र सगळ्यात महागातली वाचतात हे खरं. एसीचं तापमान एक डिग्री वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे वीजबचतीचं काम बघणारी सरकारी संस्था, सांगते, आम्ही २६ वर ठेवून पंखा हळू लावतो, झोप छान लागते.

साठवण करायची म्हणून करायची

सासूबाई एप्रिल-मेमधे वर्षाचा गहू, तांदूळ, तूरडाळ भरायच्या. तेव्हा घरात नऊ माणसं होती, गच्ची होती, उन्हात वाळवायला जागा होती, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावायला बायका होत्या. आज आम्ही पाच जण फ्लॅटमधे, बाल्कनीत चार तास ऊन. तरी मी पहिल्या वर्षी तसंच केलं, ऑगस्टमधे तांदळात टोके झाले, रव्याला जाळी धरली, आणि डाळ निवडण्यात दोन रविवार गेले. किलोमागे चार-पाच रुपये वाचले होते, वीस किलो तांदूळ गेला त्याने सगळे धुवून निघाले.

आता गहू तेवढा सहा महिन्यांचा भरते, कारण तो नीट वाळवला की टिकतो आणि आमच्याकडे पोळ्या जास्त लागतात. बाकी सगळं दोन महिन्यांचं. रवा आणि बेसन पावसाळ्यात फ्रीजमधे. तुमच्याकडे गच्ची आणि माणसं असतील तर वर्षाचं जरूर भरा, तो हिशोब वेगळा आहे.

किराणा घेताना अजून एक चूक म्हणजे मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच असं धरून चालणं. पाकिटावर आता एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तो वाचा. शॅम्पूचं एक-दोन रुपयांचं सॅशे मिलीच्या हिशोबात बऱ्याचदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतं (प्लॅस्टिकचा कचरा वाढतो, तो विचार आपला आपण करायचा). आणि दोनावर एक फ्री ही ऑफर साबणाला, कपड्याच्या पावडरीला ठीक आहे, बिस्किटांना नाही, कारण घरात तीन पुडे असले की तीन पुडे संपतात, एका पुड्याच्याच वेळात.

तेलाचं पण सांगते. दिवाळीचं तळण झालं की उरलेलं तेल बरणीत भरून परत परत तळणाला वापरतात. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की खराब होत जातं, हॉटेलं आणि फरसाणवाल्यांसाठी तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमच आहे की टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून त्यात तयार होणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. घरात मोजता येत नाही, म्हणून साधं करा, तेल काळपट झालं, फेस यायला लागला, लवकर धूर धरायला लागलं की टाका. आणि मुळात कढई लहान घ्या म्हणजे तेल कमीच उरतं. मी उरलेलं गाळून फोडणीला लगेच संपवते, त्यात परत पुऱ्या तळत नाही.

जिथे अजिबात हात आखडायचा नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण इथली चूक रकान्यात मावत नाही.

माझ्या दाढेत खड्डा पडला होता, डॉक्टर म्हणाले फिलिंग करून घ्या, ८०० रुपये. मी म्हटलं दुखत तर नाहीये, पुढच्या महिन्यात बघू. असे सात महिने गेले आणि एका रात्री असं ठणकायला लागलं की बस. रूट कॅनाल आणि कॅप मिळून साडेसात हजार. त्या दिवशी वहीत लिहिताना हात जड झाला होता. दात, डोळे, बीपी, शुगर, यात लांबणीवर टाकणं म्हणजे व्याजाने पैसे काढण्यासारखं आहे. माझे वडील बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायचे, का तर "आता नॉर्मल येतंय", अहो बाबा, गोळी घेताय म्हणूनच नॉर्मल येतंय ना.

औषधांत बचत करायचीच तर जनऔषधी केंद्रात करा. डॉक्टरांना विचारा की जेनेरिक चालेल का, आणि ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, उदाहरणार्थ टेल्मीसार्टन ४०. बाबांची महिन्याची औषधं आता निम्म्याहून कमी पैशात येतात आणि ते रोज घेतात. हीच ती खरी काटकसर, गोळी कमी न करता.

दुसरं म्हणजे गॅसची नळी. आयएसआय मार्कची सुरक्षा नळी घ्या आणि पाच वर्षांनी बदला, नळीवर तारीख छापलेली असते. दोन-तीनशे रुपयांची गोष्ट, वर्षाला चाळीस ते साठ रुपये पडतात. वायरिंग, हेल्मेट, गाडीचे टायर हे त्याच पंगतीतले. टायर गुळगुळीत झाल्यावर "अजून एक पावसाळा निघेल" असं म्हणणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणं आहे, बदला.

अडीच टक्क्यांसाठी मुद्दल पणाला

मागच्या पिढीत हे फार आहे. बँकेत सात टक्के आणि पतसंस्थेत साडेनऊ, मग रिटायरमेंटचे सगळे पैसे पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, दर माणशी दर बँक, मुद्दल आणि व्याज मिळून, सहकारी बँकाही त्यात येतात. पण पतसंस्था ही बँक नाही, तिथल्या ठेवीला हे संरक्षण नाही. आमच्या एका नातेवाईकांचे पैसे असेच अडकले आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी एक रुपया हातात आला नाही. जास्त व्याज घ्यायचंच असेल तर जे गेलं तरी घर चालेल तेवढंच ठेवा, आणि बँकेतही पाच लाखांच्या वरची रक्कम दोन-तीन बँकांत वाटून ठेवा.

सगळं करूनही महिनाअखेर काही उरत नाही?

मग धन्या-जिऱ्यात शोधू नका, तिथे काही नाहीये. दरमहा आपोआप कटणाऱ्या गोष्टी बघा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा, मला दोन अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन सापडलं जे घरात कुणीच बघत नव्हतं. मोबाईलचा "महिन्याचा" रिचार्ज २८ दिवसांचा असेल तर वर्षात बारा नाही, तेरा होतात, आणि घरात चार नंबर असतील तर तुम्हीच बघा. क्रेडिट कार्डाची फक्त मिनिमम रक्कम भरत असाल तर बाकी सगळं सोडून आधी ते संपवा, महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात, कुठलीही काटकसर त्याला पुरी पडत नाही.

आणि घराचं कर्ज असेल तर आजचा नव्या गिऱ्हाईकाचा दर आणि तुमचा दर शेजारी ठेवून बघा. २५ लाख, वीस वर्षं, ९ टक्के असेल तर हप्ता साधारण २२,५०० बसतो, तोच साडेआठला २१,७०० च्या आसपास. म्हणजे दर महिन्याला ८००. १ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं फ्लोटिंग (म्हणजे दर बदलत राहणारं) कर्ज असेल तर ते अजून जुन्या पद्धतीच्या दरावर असू शकतं. बँकेत जाऊन दर बदलायचा अर्ज द्यायचा, थोडी फी लागते, ती किती ते आधी विचारा. आम्हाला दोन चकरा पडल्या. मंडईच्या दोनशे चकरांत जेवढं वाचलं नसतं तेवढं त्या दोन चकरांत वाचलं.

एक छोटी गोष्ट राहिली. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयात दोन लाखांचा अपघाती विमा देतो, पण हप्ता खात्यातनं आपोआप कटतो आणि नवीन वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मे अखेर खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंचा असाच बंद पडला होता, पैसे नव्हते म्हणून नाही, ते खातं वापरातच नव्हतं म्हणून. त्यांची सुट्टी कापून, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून मी पूर्वी जे वाचवायचे ते सगळं वर्षाला मिळून हजारभर रुपये भरलं असतं, आणि ते त्यांच्या घरातनं आलं असतं. तो आकडा मी आता "वाचवले" मधे धरत नाही. या मेमधे त्यांच्यासोबत बँकेत जाऊन खातं चालू करून आले, शंभर रुपये टाकले, अर्ज परत भरला, आता पुढच्या मेची आठवण माझ्या मोबाईलमधे लावून ठेवलीये.