डेअर, डी, डास: सुरुवात गोठ्यापासून करा

जर्मन शिकताना नाम एकटं पाठ करू नका. त्याचं लिंग दाखवणारा शब्द, म्हणजे डेअर (तो), डी (ती) किंवा डास (ते), सोबतच घोका. पोळ्याला सजवतो तो बैल डेअर ऑक्से, गाय डी कू, वासरू डास काल्प. इथवर आपलं तो-ती-ते बरोबर जुळतं. पण कापूस निघाला डी बाउमवोले, म्हणजे चक्क ‘ती’! सूर्यही डी झोने. तेव्हा मराठीवरून अंदाज बांधू नका.

उच्चारात मात्र आपली चांदी आहे. झेड म्हणजे बंडीच्या ‘चाका’तला च, ‘चहा’तला नव्हे. डब्ल्यू सरळ व. शब्दाच्या शेवटी बी आला की प होतो, म्हणून काल्प. यूवर दोन टिंबं दिसली, तर ओठ शिट्टीसारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणा.