डबल-क्लिकने उघडलेले पान शेजारची फाइल का वाचत नाही, आणि त्यावर काय करावे

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शाळेसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या पावसाच्या नोंदी दाखवणारे पान तयार केले आहे, असे समजू. आकडे वेगळ्या जेसन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुराच्या रूपात साठवणाऱ्या फाइलमध्ये) आहेत आणि सगळे एकाच फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर आहे, कारण तिथे नेटचा भरवसा नाही. पानावर डबल-क्लिक केल्यावर शीर्षक दिसते, पण तक्ता रिकामा राहतो. अशा वेळी कोड उलटापालटा करण्याआधी एफ-12 दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणारी खिडकी, पाहावा. तिथे लाल अक्षरांत ‘कॉर्स’चा (दुसऱ्या ठिकाणची माहिती वाचू देण्याच्या ब्राउझरच्या नियमांचा) उल्लेख असेल आणि पत्त्याची सुरुवात ‘फाइल’ने होत असेल, तर फाइल ब्राउझरने अडवलेली आहे.

वेबवरील दोन पाने एकाच घरची आहेत की नाहीत, हे ब्राउझर पत्त्यातील प्रोटोकॉल (सुरुवातीचा ‘एचटीटीपी’सारखा भाग), होस्ट (संगणकाचे नाव किंवा क्रमांक) आणि पोर्ट (त्या संगणकावरील दाराचा क्रमांक) या तीन गोष्टींवरून ठरवतो, आणि परक्या घरची माहिती स्क्रिप्टला सहसा वाचू देत नाही. डिस्कवरच्या फाइलला होस्टही नसतो आणि पोर्टही नसतो. त्यामुळे क्रोम अशी प्रत्येक फाइल स्वतंत्र घर मानतो, मग ती त्याच फोल्डरमध्ये का असेना. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरमधल्या फाइलींना सवलत देत असे. 2019 मध्ये आलेल्या 68 व्या आवृत्तीपासून तीही बंद झाली. हे जाचक वाटते, परंतु आपल्या डाउनलोड फोल्डरमध्ये सातबारा, पॅनकार्ड आणि बँकेचे उतारे एकत्र पडलेले असतात, आणि ईमेलमधून आलेले एखादे अनोळखी पान तिथूनच उघडले जाते, हे लक्षात घेतले की ही बंदी योग्यच वाटते. म्हणूनच क्रोम विशेष स्विच लावून सुरू करणे किंवा फायरफॉक्सची अंतर्गत सेटिंग बदलणे, हे सर्रास सुचवले जाणारे उपाय मी कोणालाही सांगणार नाही.

पान तयार करत असताना संगणकावरच छोटा सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्राम, चालवावा. पायथन 3 ही प्रोग्रामिंग भाषा संगणकावर असल्यास वेगळे काही लागत नाही. विंडोजमध्ये तो फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ लिहून एंटर दाबावे आणि पुढील आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी:

पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर 8000 --बाइंड 127.0.0.1

मग ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी://127.0.0.1:8000’ हा पत्ता उघडावा; यातला 127.0.0.1 म्हणजे आपलाच संगणक. आता पान आणि जेसन यांचे प्रोटोकॉल, होस्ट, पोर्ट एकच असल्याने वाचन सुरळीत होते. आज्ञेतील ‘बाइंड’चा भाग वगळू नये; तो नसेल तर सर्व्हर नेटवर्कवरील इतरांनाही उत्तर देऊ शकतो, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेजारच्या संगणकावरून आपला फोल्डर चाळता येतो. काम झाल्यावर कंट्रोल आणि सी दाबून सर्व्हर बंद करावा.

शाळेतील संगणकावर मात्र पायथन असेलच असे नाही. तिथे पाठवायच्या प्रतीसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जेसनमधील मजकूर एका व्हेरिएबलमध्ये भरून साध्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवणे आणि ती नेहमीच्या स्क्रिप्ट टॅगने जोडणे. अशी स्क्रिप्ट आणि चित्रे डिस्कवरूनही चालतात, कारण बंदी मजकूर वाचण्यावर आहे, जोडण्यावर नाही. टॅगला ‘मॉड्यूल’ हा प्रकार दिला, तर मात्र क्रोममध्ये पुन्हा तोच कॉर्सचा अडथळा येतो. आणि डिस्कवरचे चित्र कॅनव्हासवर (पानातील चित्र काढण्याच्या जागेवर) काढता आले, तरी त्याचे पिक्सेल वाचता येत नाहीत. जिल्ह्यांची नावे देवनागरीत असल्याने पानात यूटीएफ-8 चा, म्हणजे देवनागरीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या अक्षरपद्धतीचा, मेटा टॅग अवश्य द्यावा.

आकडे वरचेवर बदलणार असतील, तर पानावर फाइल निवडण्याचे बटण द्यावे. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली फाइल ब्राउझरमधील फाइलरीडर ही सोय निर्धास्त वाचते, मग पान डिस्कवरून उघडलेले असले तरी चालते. ती फाइल डिस्कवर कुठे होती हे मात्र स्क्रिप्टला कळत नाही. पूर्ण मार्गाऐवजी ‘सी’ ड्राइव्हवरील ‘फेकपाथ’ असे खोटे नाव मिळते, आणि पान पुन्हा उघडल्यावर फाइल पुन्हा निवडावी लागते. आकडे एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या तक्त्याची साधी फाइल) म्हणून जतन करताना यूटीएफ-8 चा पर्याय निवडावा, अन्यथा परभणी आणि धाराशिवच्या जागी प्रश्नचिन्हे येतील.